जॅकच्या आधी जमीन बघा: घरच्या घरी गाडी उचलण्याची रीत

गाडी उचलायची म्हटलं की आधी जॅकची चौकशी सुरू होते. किती टनाचा आहे, शेजाऱ्याकडून मागून आणू का, ट्रॅक्टरचा चालेल का. जॅक भार वर ढकलतो एवढंच, सोसते ती जमीन. मराठवाड्यात ती दर शंभर पावलांवर बदलते. पोर्चमध्ये शहाबादी फरशी, फाटकापाशी उतार, बाहेर पेव्हर ब्लॉक, त्यापुढे मुरूम, आणि आखाड्यावर, म्हणजे शेतावर, गेलात तर काळी माती. एकच जॅक या पाच ठिकाणी पाच तऱ्हेने वागतो.

इथे विचार केलाय तो घरी होण्यासारख्या कामांचा: चाक बदलणं, टायरची अदलाबदल, ब्रेक पॅड बघणं, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट खोलून ऑइल काढणं, सायलेन्सरचा खडखडाट शोधणं. गिअरबॉक्स उतरवणं, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा काढणं ही कामं मिस्त्रीकडेच न्यावीत. आणि गाडी उचलायचीच गरज आहे का, हे आधी बघा. बोलेरोसारख्या उंच गाडीचं ऑइल बहुतेकदा न उचलताच बदलता येतं.

जमीन

सर्वांत चांगला तो काँक्रीटचा कोबा, भेगा नसलेला, सपाट. पण आपल्याकडे एक घोळ असतो. पाण्याच्या टंचाईमुळे बऱ्याच घरांच्या पोर्चखालीच पाण्याचा हौद बांधलेला असतो, कुठे सेप्टिक टँकही असतो. वरून सगळा कोबा सारखाच दिसतो. चारही चाकांवर उभी असलेली गाडी ज्या स्लॅबने वर्षानुवर्षं पेलली, त्याच स्लॅबवर तोच भार जॅकच्या तळव्याएवढ्या जागेत आला तर गोष्ट वेगळी होते. झाकणाच्या कडेला तर जॅक किंवा स्टँड (उचललेल्या गाडीखाली द्यायचा लोखंडी टेकू) कधीच ठेवू नका. हौद नेमका कुठून कुठपर्यंत आहे ते घरातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या.

शहाबादी फरशी दगड म्हणून मजबूत असते, पण ती कशावर बसवली आहे त्यावर सगळं अवलंबून. खालची वाळू सरकली की पोकळी होते आणि फरशी नुसती कडांवर टेकून राहते. पान्याच्या दांड्याने ठोकून बघा. बंद, ठक्क आवाज आला तर खाली भरीव आहे. घुमला तर पोकळ, आणि तिथे जॅक लावला की फरशी मधोमध तडकते. तडकण्याचं नुकसान एका फरशीचं, पण त्या क्षणी जॅकचा तळ दोन बोटं कलंडतो आणि गाडी त्यावरून घसरते.

पेव्हर ब्लॉक एकेकटे दबतात. स्टँडचा एक पाय ब्लॉकच्या मध्यावर आणि दुसरा सांध्यावर आला की स्टँड हळूहळू वाकडं होतं. डांबरी रस्ता हिवाळ्यात सकाळी ठीक, पण एप्रिल-मेच्या ४२ अंशांत दुपारी डांबर मऊ पडतं आणि स्टँडचे पाय त्यात रुतत जातात. नीट धुमसलेला मुरूम फळी टाकून चालतो.

काळी माती मात्र दोन्ही ऋतूंत फसवते. पावसाळ्यात उघडीप पडली की वरचा थर दोन दिवसांत वाळतो, पायाला टणक लागतो, आणि चार बोटं खाली लोण्यासारखा चिखल असतो. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते, पण भेगा पडलेल्या असतात आणि भेगेची कड भाराखाली ढासळते. काळ्या मातीवर फळी टाकून अडल्या वेळी चाक बदलता येईल. गाडीखाली जायचं काम तिथे करायचं नाही, मग फळी कितीही मोठी असो.

थोडा हिशेब करून बघा. साडेआठशे किलोच्या छोट्या गाडीचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर असतो, म्हणजे पुढच्या एका कोपऱ्यावर सुमारे २५० किलो. गाडीसोबत येणाऱ्या कात्री जॅकचा तळ ८ बाय १२ सेंटिमीटरचा धरला तर दर चौरस सेंटिमीटरवर अडीच किलोच्या वर दाब येतो. त्याखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड फळी ठेवली की तोच दाब पाव किलोच्या आसपास येतो, जवळजवळ नवव्या हिश्श्यावर. ७० किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहिला तर त्याचा दाब पावणेदोन किलोच्या घरात जातो. म्हणून सोपी परीक्षा अशी: जिथे जॅक लावायचाय तिथे एका टाचेवर सगळा भार देऊन उभे राहा. टाचेचा ठसा उमटला तर तिथे नुसता जॅक रुतणारच.

फळी म्हणजे पेटीची पातळ पट्टी नव्हे. बाभळीची ४–५ सेंटिमीटर जाड, किंवा १८ मिलिमीटरचे प्लायवुडचे दोन थर एकमेकांवर स्क्रूने जोडलेले. पातळ फळी मधोमध वाकते, कडा उचलल्या जातात आणि दाब पुन्हा मध्यातच राहतो. स्टँडखाली मात्र ६ मिलिमीटरची ३० बाय ३० सेंटिमीटरची लोखंडी प्लेट जास्त बरी, कारण स्टँडचे पाय लाकडात घुसतात. वेल्डिंगच्या दुकानात ती कापून मिळते, एकेक साधारण सव्वाचार किलोची भरते. दोन करून घ्या आणि कडा घासून घ्या, नाहीतर हात कापतात.

उतारही बघायचा. पोर्चला पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिलेलाच असतो. गवंड्याची लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ धरली की फरक कळतो. दोन चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या आसपास असतं. त्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालेल. पाच सेंटिमीटर निघाला तर जागा बदला. फाटकाच्या उतारावर तर चाक बदलायलाही गाडी उचलू नये.

काय वापरायचं, काय नाही

कात्री जॅक हा वाटेत चाक बदलायचं साधन आहे. तळ अरुंद, स्क्रू एकच. घरी ब्रेकचं काम करायला तो चालतो असं बरेच जण समजतात. उचलायला चालतो, धरून ठेवायला नाही.

बाटली जॅक दणकट असतो, पण बंद असतानाही त्याची उंची १८–२० सेंटिमीटर असते. छोट्या गाडीच्या दाराखालची कड त्याहून खाली असते, आणि टायर पंक्चर असेल तर आणखी खाली. त्यात त्याचं डोकं लहान आणि गुळगुळीत. ट्रॅक्टरचा मोठा बाटली जॅक हॅचबॅकखाली लावायला जाऊ नका, तो भार पेलेल पण पत्र्याला भोक पाडेल. उंच गाडीच्या मागच्या हौसिंगखाली (मागच्या दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलच्या जाड कवचाखाली) मात्र बाटली जॅक चांगला बसतो.

घरी वारंवार काम करणार असाल तर २ टनांचा ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर फिरणारा लांबट जॅक, घ्या. त्याची एक खोड माहीत असू द्या. त्याचा हात कमानीत वर जातो, म्हणजे डोकं वर जाताना आडवंही सरकतं. ते सरकणं भरून काढायला जॅक स्वतः चाकांवर पुढे-मागे फिरला पाहिजे. गुळगुळीत कोब्यावर तो फिरतो. मुरमावर, पेव्हरच्या सांध्यात किंवा फरशीच्या फटीत चाक अडकलं की जॅक जागच्या जागी राहतो आणि डोकं गाडीखालून सरकायला लागतं. म्हणून खडबडीत जागी ट्रॉली जॅक वापरायचा तर खाली त्याची सगळी चाकं मावतील आणि शिवाय वीतभर जागा उरेल एवढं मोठं प्लायवुड टाका. उचलताना जॅकच्या चाकांकडे एक डोळा ठेवा, ती हलताना दिसली पाहिजेत.

जॅक स्टँड म्हणजे तीन किंवा चार पायांचा लोखंडी टेकू, उंची कमी-जास्त होणारा. जोडीने घ्यायचा. त्यावर लिहिलेला भार एका स्टँडचा आहे की जोडीचा, हे वाचूनच घ्या. पिनचं स्टँड साधं आणि भरवशाचं. दात्यांचं घेतलं तर दाता पूर्ण बसलाय का हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. वेल्डिंगला केसासारखी चीर दिसली तर ते स्टँड भंगारात घाला, पुन्हा वेल्डिंग मारून वापरू नका.

आता विटा आणि दगडांबद्दल. वीट भाराखाली आधी काही सांगत नाही, एकदम फुटते. पोकळ सिमेंटचा ब्लॉक तसाच, आणि हलका एएसी (आत हवेची छिद्रं असलेला) ब्लॉक तर स्टँडच्या पायाएवढ्या दाबाने चुरा होतो. काळ्या पाषाणाची खांडकी फुटणार नाही हे खरं, पण तिला सपाट तळ नसतो, ती डुगडुगते, आणि लोखंड दगडावर घसरतं. चाकाला अडवायला खांडकी लावा, गाडीखाली टेकू म्हणून नको. ओंडकाही नको, तो गोल असतो.

चाकाखाली लाकडाचा ओटा

ज्या कामात चाक काढायचं नसतं, उदाहरणार्थ ऑइल बदलणं किंवा सायलेन्सर बघणं, तिथे स्टँडपेक्षा लाकडी ओटा बरा. आमची पसंती यालाच. वखारीतून बाभळीच्या किंवा सागाच्या ५ सेंटिमीटर जाड, ३० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब अशा सहा फळ्या कापून घ्या, तीन डाव्या चाकासाठी, तीन उजव्या. फळी ओली, तिरकी गेलेली किंवा लांबीत चिरलेली नको.

एक कोपरा जॅकने उचलायचा, चाकाखाली एक फळी सरकवायची, खाली घ्यायचं. मग दुसरा कोपरा. परत पहिला. असं पाच-पाच सेंटिमीटरने दोन्ही बाजू आळीपाळीने चढवत न्यायच्या. एकदम एकाच बाजूला तीन फळ्या चढवल्या तर गाडी तिरकी होऊन जॅकवर आडवा जोर येतो. थर एकमेकांवर सरकू नयेत म्हणून प्रत्येक फळीच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडून लांब बोल्ट घाला, आणि सर्वांत वरच्या फळीच्या दोन्ही टोकांना दोन इंची पट्टी ठोका, चाक पुढे-मागे जाणार नाही. पंधरा सेंटिमीटर उंची मिळते. छातीने रुंद माणसाला ती अपुरी पडते, पण हात घालून बोल्ट खोलायला पुरते. भार १८०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि गाडी स्वतःच्या चाकांवरच उभी राहते.

उचलायच्या आधी

डिकी रिकामी करा. सोयाबीनचं पोतं, पाण्याचे जार, खताची बॅग, सगळं बाहेर. आत कुणी बसायचं नाही, लेकरं तर मुळीच नाहीत. चावी काढून खिशात ठेवा. स्टेअरिंग सरळ.

हँडब्रेक ओढा आणि गिअर टाका, पण यातलं कोणतं कधी उपयोगी पडतं ते समजून घ्या. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेकने धरलेली चाकं हवेत जातात आणि जमिनीवर असलेल्या पुढच्या चाकांना फक्त गिअर धरून ठेवतो, तोही इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असेल तरच. आता उलट बघा. पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ओढ असलेल्या गाडीचं पुढचं एकच चाक उचललं, तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेमुळे) हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. गिअरने मग काहीच अडत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या ‘पी’चंही हेच. एक चाक उचलताच गाडी सुतभर पुढे सरकते आणि माणूस चकित होतो, ते यामुळे.

म्हणून चाकाला ठोकळा लावलाच पाहिजे, आणि तो कर्णाच्या कोपऱ्यावर तरी हवाच. पुढचं डावं उचलताय तर मागच्या उजव्या चाकाच्या पुढे एक आणि मागे एक. पुढची पूर्ण बाजू उचलताय तर मागच्या दोन्ही चाकांना. ठोकळा दहा सेंटिमीटर उंच, वीतभर लांब, एका बाजूने तिरका कापलेला. नुसतं लाकूड गुळगुळीत फरशीवर घसरतं, म्हणून तळाला जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्यांनी ठोकून घ्या. पायाने दाबून ठोकळा टायरला चिकटवा, बोटभर फट ठेवली तर त्या फटीएवढी गाडी हलतेच.

चाक काढायचं असेल तर नट आत्ताच, चाक जमिनीवर असताना, पाव वळसा सैल करा. घड्याळाच्या उलट दिशेने. गंजलेला नट असेल तर पान्याच्या दांड्यावर पाइप घालावा लागतो, आणि त्या हिसक्याला गाडी जमिनीवरच हवी. हेच गाडीखालच्या घट्ट बोल्टांचंही: जो बोल्ट जमिनीवरून हात पोचून मोकळा करता येतो, तो वर उचलायच्या आधीच मोकळा करा.

जॅक कुठे लावायचा

दाराच्या खाली, गाडीच्या लांबीच्या दिशेने, दोन पत्रे जोडून झालेली उभी कड असते. हाताने चाचपली की पट्टीसारखी लागते. पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, साधारण वितीवर, त्या कडेला प्रत्येक ठिकाणी दोन-दोन खाचा किंवा खुणा असतात. जॅक एका ठिकाणच्या त्या दोन खुणांच्या मधे. तिथे आतून जादा पत्रा दिलेला असतो. हातभर पुढे-मागे झालात तर कड दुमडते, तिथला रंग फुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज सुरू होतो. नेमकी जागा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. ती पुस्तिका बहुतेकांनी पिशवीतून बाहेरच काढलेली नसते.

जॅक लावण्याआधी ती कड तारेच्या ब्रशने साफ करा. वाळलेला काळा चिखल तिथे सिमेंटसारखा चिकटतो. जॅक चिखलावर टेकतो आणि भार आला की चिखलाचा पापुद्रा सुटतो. जुन्या गाडीत स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्र्याचे पोपडे निघाले तर तिथून उचलू नका. ट्रॉली जॅकच्या डोक्यावर मधे खाच असलेला रबरी तुकडा ठेवा, कड त्या खाचेत जाते आणि भार कडेच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर बसतो.

चेंबर, गिअरबॉक्सचं कवच, रेडिएटरची पट्टी, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर, मधला सपाट पत्रा, यांपैकी कशालाही जॅक लावायचा नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली तर सगळी बॅटरीच असते, तिथे कंपनीने दाखवलेल्या जागा सोडून बोटही नको. चासिवाल्या (खाली वेगळा जाड लोखंडी सांगाडा असलेल्या) गाड्यांना, बोलेरो-स्कॉर्पिओला, चासिच्या जाड पट्टीखाली किंवा मागच्या हौसिंगखाली जॅक लागतो. हौसिंग गोल असतं, त्यामुळे जॅकचं डोकं खोलगट असावं.

आता एक अडचण. खुणेची जागा एकच आणि तिथे जॅकही हवा, स्टँडही हवं. उपाय दोन. पुस्तिकेत पुढच्या बाजूला मधोमध क्रॉसमेंबरखाली (आडव्या जाड पट्टीखाली) ट्रॉली जॅकची जागा दाखवली असेल तर तिथून पुढची बाजू उचला आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या खुणांच्या जागी स्टँड लावा. हीच सगळ्यांत स्वच्छ पद्धत. तशी जागा नसेल तर खुणेवरून उचला आणि स्टँड पुस्तिकेत सांगितलेल्या दुसऱ्या मजबूत जागी द्या. पुस्तिका गप्प असेल तर मिस्त्रीला एकदा गाडीखाली बोट दाखवायला सांगा आणि त्या जागी रंगाचा ठिपका करून ठेवा. अंदाजाने लोअर आर्मखाली (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याखाली) स्टँड देणं टाळा, आर्म हलतो, तो त्याचा धर्म आहे.

उचलणं

सकाळी लवकर करा. मे महिन्यात अकरानंतर पाना हातात धरवत नाही आणि घामाने पकड सुटते. पायात चप्पल नको, बूट हवेत. डोळ्यांना चष्मा लावा, कारण गाडीखालून पहिली पडते ती माती. गळ्यातला रुमाल काढून ठेवा. जवळ एक जाणता माणूस हवा, आणि त्याला आधीच सांगून ठेवा: गाडी घसरली तर मला ओढायचं नाही, दुसरा जॅक लावून गाडी वर घ्यायची आणि १०८ ला फोन करायचा. दुसरा जॅक आणि त्याचा दांडा त्याच्या हाताशीच ठेवा.

जॅक टेकेपर्यंत उचला आणि थांबा. चहूबाजूंनी बघा. डोकं खुणेवर बरोबर आहे का, जॅक उभा आहे का, फळी सपाट आहे का. मग टायर जमिनीपासून दोन बोटं सुटेपर्यंत उचला आणि पुन्हा थांबा. एक बाजू वर जाताना गाडी दुसऱ्या बाजूच्या चाकांवर कलते, आणि उचलायची जागा वर जातानाच किंचित आत सरकते. वीस सेंटिमीटर उचललं तर दोन-तीन सेंटिमीटर आत, कधी थोडं जास्तही. कात्री जॅक म्हणून आतल्या बाजूला कलताना दिसतो. दर पाच-सहा वळशांनी मागे सरकून त्याच्याकडे आडवं बघा. कल डोळ्याला दिसू लागला की खाली घ्या, तळ थोडा आत सरकवून पुन्हा लावा. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून पुढे जाऊ नका.

पंक्चर चाक सुटलं तेवढ्या उंचीवर हवा भरलेलं चाक बसत नाही. आणखी तीन-चार सेंटिमीटर लागतात, ते आधीच घेऊन ठेवा. सस्पेन्शन खाली लोंबतं म्हणूनही उंच गाडी अपेक्षेपेक्षा जास्त उचलावी लागते.

हवी ती उंची आली की स्टँड लावा. दोन्ही स्टँड सारख्याच दात्यावर किंवा सारख्याच भोकात, सगळे पाय प्लेटवर पूर्ण टेकलेले. जॅकचा व्हॉल्व्ह अगदी थोडा, पाव वळशाहून कमी, उघडा. झटक्यात उघडला तर गाडी आदळते आणि स्टँड सरकतं. भार स्टँडवर आला की जॅक काढून घेऊ नका, खाली नुसता टेकलेला ठेवा, भार न घेता. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून द्या. सगळंच फसलं तर गाडी त्या चाकावर थांबेल आणि खाली वीतभर जागा उरेल.

मग हिसका. गाडीखाली जाण्याआधी बाजूला उभे राहून दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवा, आडवी आणि पुढे-मागे. संकोच करू नका. पडायची असेल तर आत्ता पडू दे. स्टँड हललं, कुठे कट्ट आवाज आला, प्लेट डुगडुगली, तर खाली घेऊन पहिल्यापासून लावा.

चारही चाकं वर करायची हौस घरी करू नये असं आमचं मत. पुढची बाजू स्टँडवर असताना मागची उचलली की गाडी पुढच्या स्टँडांवरच कलते आणि ती स्टँड तिरकी होतात. करायचंच असेल तर कोब्यावर, आणि पुढे-मागे आळीपाळीने थोडं-थोडं.

चाक हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या लोखंडी भागाला) गंजाने चिकटलं असेल तर लाथा घालू नका. नट दोन आटे सैल ठेवून गाडी खाली घ्या, हळूच हातभर पुढे-मागे ढकला. चाक सुटतं.

जॅक उभ्या उभ्या खाली बसत असेल तर सील गेलेलं आहे, तो दुरुस्तीला द्या. दांडा मारूनही नीट उचलत नसेल तर आत हवा अडकलेली असते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून भाराशिवाय आठ-दहा वेळा दांडा मारा, मग बंद करा. ऑइल कमी असेल तर जॅकचंच हायड्रॉलिक ऑइल घाला. ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगून खराब होतं.

खाली घेणं

गाडीखालची हत्यारं, दिवा, ऑइलचं घमेलं सगळं बाहेर काढा. चाक बसवून नट हाताने पूर्ण फिरवा, पाना नंतर. सुरुवातीलाच नट तिरका चढला तर आटे जातात आणि पूर्ण स्टड (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) बदलावा लागतो. पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने हलके आवळा, मग जॅकने बोटभर वर घेऊन स्टँड काढा आणि हळूहळू खाली या. चाक जमिनीला टेकल्यावर पूर्ण आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत. टॉर्क रेंच नसेल तर गाडीसोबत आलेला पाना हाताच्या जोरावर आवळा. पायाने पान्यावर उभं राहून आवळलेला नट पुढच्या पंक्चरला हायवेवर कुणालाच खुलत नाही.

ब्रेकचं काम केलं असेल तर इंजिन चालू करून पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, मगच गिअर टाका. ऑइल बदललं असेल तर त्याची पातळी गाडी सपाटीला आल्यावरच बघा, पुढची बाजू वर असताना ऑइल मोजायची काडी चुकीची पातळी दाखवते. ठोकळे सर्वांत शेवटी काढा. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी फिरली की नट पुन्हा एकदा तपासा, आणि डिकीतल्या कात्री जॅकच्या स्क्रूला बोटभर ग्रीस लावून तो फळीसकट जागेवर ठेवा.